मायग्रेनची नेहमीची गोळी मिळेनाशी झाली? या चुका टाळा

घर ठाण्यात वर्तक नगरला, ऑफिस ऐरोलीला आणि पर्समधे कायम एक स्ट्रिप, असं माझं नऊ वर्षं चाललं होतं. रिझाट्रिप्टानची तोंडात विरघळणारी गोळी होती, पाणी लागायचं नाही म्हणून लोकलमधे उभ्या उभ्या पण घेता यायची. गेल्या वर्षी ऐन ऑक्टोबर हीटमधे आमच्या मेडिकलवाल्या दादांनी सांगितलं, "ताई, ही आता येत नाही, वरूनच बंद झालीये." मग मी गोखले रोड पालथा घातला, जांभळी नाक्याला विचारलं, ऑफिस सुटल्यावर वाशीला जाऊन आले, सगळीकडे तेच उत्तर.

औषध बाजारात होतंच, फक्त त्या एका नावाने येणं बंद झालं होतं. हे कळायला मला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यात डोक्याचे जे हाल झाले ते गोळी नसल्यामुळे कमी आणि घाईत हाताला लागेल ते घेतल्यामुळे जास्त झाले. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, पण या चुकांची किंमत मोजलेली आहे.

ब्रँडचं नाव घेऊन दुकानं फिरणं

मेडिकलमधे आपण जे नाव सांगतो ते कंपनीचं नाव असतं, आतलं औषध वेगळंच, ज्याला दुकानदार "सॉल्ट" म्हणतात. सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान, नॅराट्रिप्टान ही सॉल्टची नावं आहेत. एकच सॉल्ट वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावाने विकतात, म्हणजे एका कंपनीने बंद केली तरी दुसरीची मिळू शकते. स्ट्रिपवर सॉल्टचं नाव छापलेलंच असतं, आपण वाचत नाही एवढंच.

आत्ता घरात जी स्ट्रिप आहे तिचा पुढून मागून फोटो काढून ठेवा, आजच. त्यात तीन गोष्टी दिसायला पाहिजेत, सॉल्ट, किती मिलिग्रॅम, आणि गोळीचा प्रकार, म्हणजे साधी की तोंडात विरघळणारी की हळूहळू सुटणारी. आपल्याकडे मेडिकलवाले चार गोळ्या कापून देतात आणि कापताना नेमका नाव-एक्सपायरीचा भाग त्यांच्याकडे राहतो, मग घरी असतात नुसत्या चंदेरी पाठीच्या गोळ्या आणि लक्षात असतं फक्त "ती गुलाबी". माझ्याकडे असंच होतं. पूर्ण स्ट्रिप घ्या, नाहीतर निदान बिल ठेवा.

नावाच्या पुढचं शेपूट पण बघा. प्लस, डी, फोर्ट, एसआर, टीआर अशी अक्षरं असतात ती शोभेला नसतात. मायग्रेन येऊ नये म्हणून रोज घ्यायचं प्रोप्रॅनोलॉल घ्या, प्रोप्रॅनोलॉल ४० साधी आणि प्रोप्रॅनोलॉल ४० टीआर या दोन वेगळ्या गोळ्या आहेत, टीआरवाली हळूहळू सुटते, ती तोडून किंवा चावून घ्यायची नसते. आणि उलटं पण होतं, ब्रँडचं नाव तेच आणि आतलं मिश्रण बदललेलं, त्यामुळे ओळखीचं पाकीट दिसलं तरी एकदा मागची बाजू वाचायचीच.

"मिळत नाही" म्हणजे नक्की काय, हे न विचारणं

या एका वाक्याचे तीन अर्थ निघतात. एक, त्या दुकानात ठेवत नाहीत कारण खप नाही. दोन, कंपनीकडून माल शॉर्ट आहे, पंधरा दिवसात येईल. तीन, खरंच बंद, एकतर कंपनीने थांबवली किंवा सरकारने बंदी घातली. तिन्हींवर उपाय वेगळा आहे. पहिल्यात दादांना ऑर्डर करायला सांगायचं, स्टॉकिस्टकडून बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी येते. दुसऱ्यात तेच सॉल्ट दुसऱ्या कंपनीचं, डॉक्टरांना फोन करून. तिसऱ्यात मात्र थेट अपॉइंटमेंट.

बंदीचं तर आपल्याकडे अधूनमधून होतच असतं. दोन-तीन औषधं एकत्र करून बनवलेल्या गोळ्यांवर, म्हणजे कॉम्बिनेशनवर, केंद्र सरकारने २०१६ मधे ३४४, २०१८ मधे ३२८ आणि ऑगस्ट २०२४ मधे १५६ अशा बंद्या घातल्या. २०१८ च्या यादीत घराघरातली सॅरिडॉन पण होती, नंतर सुप्रीम कोर्टाने तिच्या विक्रीला परवानगी दिली. तुमची डोकेदुखीची गोळी कॉम्बिनेशन असेल आणि एकदम सगळ्या दुकानातून गायब झाली असेल तर हे कारण असू शकतं, आणि तसं असेल तर कोणाकडे जुना माल पडलाय का हे शोधत बसू नका.

जनऔषधी केंद्रात पण विचारा, तिथे सगळं सॉल्टच्या नावानेच असतं आणि स्वस्त असतं. जनऔषधी सुगम नावाचं ॲप आहे, त्यात जवळचं केंद्र शोधता येतं.

"ही पण मायग्रेनचीच आहे" म्हणून दिलेली गोळी घेणं

ही माझी सगळ्यात मोठी चूक. तेच सॉल्ट दुसऱ्या कंपनीचं देणं वेगळं आणि मायग्रेनवरचं दुसरंच औषध देणं वेगळं. मला काउंटरवरून जी मिळाली तिच्यात अर्गोटामाइन, कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटी थांबवायचं औषध असं सगळं एकत्र होतं, आपल्याकडे वर्षानुवर्षं विकली जाते, अनेकांना फरकही पडतो. पण अर्गोटामाइन आणि ट्रिप्टान (म्हणजे सुमाट्रिप्टान, माझी रिझाट्रिप्टान या गटातली औषधं) दोन्ही रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे एक घेतल्यावर २४ तास दुसरी घ्यायची नसते. पर्सच्या तळाशी माझ्या जुन्या स्ट्रिपमधली एक गोळी उरली होती आणि ती मी त्याच संध्याकाळी घेणार होते. बहिणीशी फोनवर बोलताना विषय निघाला आणि तिने मागे लागून डॉक्टरांना विचारायला लावलं, म्हणून वाचले.

अर्गोटामाइनचं अजून एक. घसा-खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स चालू असतील तर अर्गोटामाइन अजिबात घ्यायचं नाही, हातापायाचा रक्तपुरवठा बंद होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. प्रेग्नन्सीत नाही, हार्टचा त्रास असेल तर नाही. हार्ट, स्ट्रोक, कंट्रोलमधे नसलेलं बीपी यात ट्रिप्टान पण चालत नाही.

आणि एक जोडी जी गोळी बदलताना हमखास निसटते. मायग्रेन येऊ नये म्हणून रोज प्रोप्रॅनोलॉल चालू आहे, आधी सुमाट्रिप्टान घेत होता, ती मिळेना म्हणून रिझाट्रिप्टान दिली. प्रोप्रॅनोलॉलमुळे रिझाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून तिचा डोस कमी ठेवावा लागतो. मेडिकलवाल्या दादांना तुमची रोजची गोळी माहीतच नसते, त्यांचा दोष नाही, सांगायला आपणच पाहिजे.

रोजची गोळी संपली म्हणून सरळ बंद करणं

दुखायला लागल्यावर घ्यायची गोळी आणि दुखू नये म्हणून रोज घ्यायची गोळी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली नाही मिळाली तर एक दिवस अंधाऱ्या खोलीत जातो, वाईट जातो पण जातो. रोजची गोळी अचानक थांबवली तर वेगळाच घोळ होतो. प्रोप्रॅनोलॉल एकदम सोडलं तर धडधड वाढते, बीपी उसळतं, हार्टचा त्रास असणाऱ्याला तर छातीत दुखू शकतं. टोपिरामेट हे मुळात फिटचं औषध, ते एकदम बंद केल्यावर फिट येण्याचा धोका असतो. अमिट्रिप्टिलिन थांबवलं तर मळमळ, झोप उडणं, डोकं दुखणं. ही औषधं डॉक्टर हळूहळू उतरवत बंद करतात.

म्हणून रोजच्या गोळीची शेवटची स्ट्रिप उघडली की त्याच दिवशी पुढची आणायची, शेवटच्या दोन गोळ्या उरेपर्यंत थांबायचं नाही. आणि शेजारणीला चालते म्हणून तिची घेऊ नका, प्रोप्रॅनोलॉल दमा असणाऱ्याला चालत नाही, फ्लुनारिझिनने वजन आणि झोप वाढते आणि आधी डिप्रेशन झालेल्यांनी ते टाळायचं असतं, टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट प्रेग्नन्सीत बाळाला घातक ठरू शकतात. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा.

पेनकिलर न मोजणं

माझी गोळी नव्हती त्या काळात मी साधी पेनकिलर घ्यायचे, सकाळी एक, उतरलं नाही तर दुपारी एक, मीटिंग असेल तर आधीच एक. पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीन दिवस, दुसऱ्यात जवळजवळ रोज. आणि डोकं रोज दुखायला लागलं, सकाळी उठल्यापासूनच, आधीसारखं एका बाजूने ठणकणारं नाही तर सगळीकडून आवळल्यासारखं. मला वाटलं मायग्रेन वाढलाय, म्हणून अजून गोळ्या.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की गोळ्यांच्या अतिवापराने होणारी डोकेदुखी हा वेगळा आजारच आहे. साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामाइन किंवा कॉम्बिनेशनवाली गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं की त्या रेषेच्या पलीकडे गेलात असं धरतात. मी तिथपर्यंत पोचायच्या बेतात होते. इथे गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय आहे, त्याच्यावर गोळी घेतली त्या तारखेला लाल फुली आणि दुखलं पण घेतली नाही तर निळा ठिपका, एवढंच करते. महिन्याच्या मध्यावर पाच फुल्या दिसल्या की मी सावध होते.

पॅरासिटामॉलचं खास बघा, सर्दीच्या गोळीत असतं, कॉम्बिनेशनमधे असतं, तापाच्या गोळीत असतं, नकळत दुप्पट जातं आणि त्याचा भार लिव्हरवर येतो.

पित्त समजून बसणं

आपल्याकडे डोकं दुखून उलटी झाली की "पित्त झालंय", उलटी झाल्यावर बरं वाटतं म्हणून तर खात्रीच पटते. माझ्या आईने अख्खं आयुष्य आमसुलाचं पाणी पीत काढलं, नंतर कळलं की ती पण अर्धशिशीच होती. उलटी हा मायग्रेनचाच भाग आहे. अटॅकमधे पोटाचं काम मंदावतं त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी नीट शोषली जात नाही. तोंडात विरघळणारी लवकर काम करते असं मला पण वाटायचं, पण ती पण पोटातूनच शोषली जाते, फायदा फक्त पाण्याशिवाय घेता येण्याचा. ज्यांना सुरुवातीलाच उलट्या होतात त्यांनी नवीन औषध ठरवताना हे डॉक्टरांना सांगायचं, नाकात मारायचा स्प्रे, इंजेक्शन किंवा सोबत उलटीचं औषध असे पर्याय असतात.

एकदा घेऊन "ही काही लागू पडत नाही" ठरवणं

नवीन गोळी पहिल्या वेळी चालली नाही म्हणून मी टाकून दिली होती, नंतर लक्षात आलं की मी ती दुखणं पार टिपेला गेल्यावर घेतली होती. ट्रिप्टान दुखायला सुरुवात झाली की लगेच घ्यायची असते, डोळ्यासमोर नुसत्या चमकत्या नागमोडी रेषा दिसत असताना नाही, दुखणं सुरू झाल्यावर. साधारण तीन अटॅकमधे वापरून बघून मग ठरवायचं, आणि एक ट्रिप्टान चाललं नाही तरी दुसरं चालू शकतं. रोजच्या गोळीला तर योग्य डोसवर दोन महिने द्यावेच लागतात. या काळात बाकीची घडी बिघडवू नका. घोडबंदरच्या ट्रॅफिकवर आपला कंट्रोल नाही, विसर्जनाच्या डीजेवर पण नाही, पण वेळेवर जेवण आणि झोप हातात आहे. मी त्या महिन्यातली संकष्टी सोडली, सासूबाईंनीच सांगितलं सोड म्हणून.

एक गोष्ट मात्र गोळीशी जोडूच नका. एका मिनिटात शिगेला पोचणारी आयुष्यातली सगळ्यात भयानक डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, तोंड वाकडं होणं, हातापायात ताकद नसणं, बोलणं अडखळणं, डोक्याला मार लागल्यावरचं दुखणं, असं काही असलं तर "गोळी मिळाली नाही ना म्हणून" असं म्हणत घरी थांबायचं नाही, १०८ ला फोन करून सरळ इमर्जन्सी गाठायची. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा प्रेग्नन्सीत नव्याने आलेली डोकेदुखी पण लगेच दाखवायची.

डॉक्टरांकडे जाताना मी तीन गोष्टी नेल्या, कालनिर्णयची दोन पानं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचे फोटो (थायरॉइड आणि ॲसिडिटीच्या पण), आणि आधी काय काय घेऊन झालंय त्याची यादी. दहा मिनिटात काम झालं. तेच सॉल्ट दुसऱ्या कंपनीचं, चिठ्ठीवर ब्रँडऐवजी सॉल्टचं नाव, आणि पेनकिलर कमी करायचं वेळापत्रक. पेनकिलर सोडतानाचे पहिले दहा दिवस फार जड गेले, त्यातले दोन दिवस सुट्टी घ्यावी लागली. तिसऱ्या आठवड्यात एक सकाळ अशी आली की उठले आणि डोकं दुखत नव्हतं. या महिन्यात कालनिर्णयवर तीन फुल्या आहेत.