फॅन फिरत होता, तिथेच घोळ होता

माझी गाडी आठ महिने गरम होत होती. त्या काळात थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलला, रेडिएटर उतरवून साफ करून घेतला, त्याचं झाकण बदललं आणि शेवटी वॉटर पंपसुद्धा नवा टाकला. दोष निघाला अर्थिंगच्या एका बोल्टमध्ये. दहाच्या पान्याने अर्ध्या मिनिटात सुटणारा बोल्ट. हे लिहिताना अजूनही कान गरम होतात.

जुनी गाडी घेऊन स्वतः हात काळे करायला निघालेल्यांसाठी आणि गॅरेजात नुकतंच उभं राहायला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. कूलंट कुठे भरतात, रिले काय करतो, मल्टिमीटरची लाल-काळी वायर कुठे लावतात, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

सुरुवात दरडावून करतो. काटा लाल पट्टीकडे सरकला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘आता थोडंच राहिलंय, पोचू’ असं म्हणणाऱ्यांच्या इंजिनची ॲल्युमिनियमची हेडं वाकलेली मी पाहिली आहेत. अगदीच थांबायला जागा नसेल तर एसी बंद, हीटर पूर्ण उष्णतेवर आणि ब्लोअर फुल. घामाघूम व्हाल, पण केबिनमधला तो छोटा हीटर कोअर तेवढा वेळ दुसऱ्या रेडिएटरचं काम करतो. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलंत की दाब जातो आणि आतलं सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. फडकं धरून उघडतो म्हणणाऱ्यांनाही हेच लागू.

आता शोधाशोध. पहिला प्रश्न एकच: गाडी गरम कधी होते? उभी असताना, रांगेत रांगताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की काटा खाली येतो, तर संशय फॅनवर. वेगात आणि चढावर तापते, तर रेडिएटर चोंदलेला, पंप कमजोर किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा. कूलंट बाहेर कुठेच गळत नाही तरी कमी होतं, टाकीत सतत बुडबुडे येतात, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) गेलेलं. मग पुढचं वाचत बसू नका, ते आधी तपासून घ्या.

माझी गाडी उभी असताना तापायची. म्हणजे उत्तर समोर होतं. मी बोनेट उघडलं, फॅन फिरताना पाहिला, ‘फॅन ओके’ म्हणालो आणि पंपाकडे वळलो. चूक इथे झाली. फॅन फिरतो का, एवढंच मी पाहिलं. किती जोरात फिरतो ते पाहिलं नाही, आणि नवा फॅन कसा घोंघावतो हे ऐकलेलं नसल्यामुळे कळायलाही मार्ग नव्हता.

बरं, मी मोजलंही होतं! फॅनचं कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून मीटर लावला: १२.३ व्होल्ट. बॅटरीवरही १२.३. मग अर्थच्या, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या वायरची कंटिन्युइटी (वायर सलग आहे का) पाहिली, मीटर छान ‘पीं’ करून ओरडला. सगळं पास. हेच नीट समजून घ्या, थोडं लांबेल पण लांबू द्या.

मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. साध्या डिजिटल मीटरचा आतला रोध १० मेगाओहमच्या घरात असतो. त्यामुळे वायरीचे सगळे धागे तुटून एकच उरला असेल, तरी कपलर काढून मोजलंत तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. चिंचोळ्या नळातून थेंब थेंब घेतला तर दाब पूर्णच वाटतो. बादली भरायला गेलात की कळतं. कंटिन्युइटीचं ‘पीं’ तर त्याहून फसवं. बऱ्याच मीटरमध्ये ते वीस-तीस ओहमपर्यंतही वाजत राहतं. आणि माझ्या फॅनला मारायला अर्धा ओहमही पुरेसा होता.

बरोबर पद्धत अशी. कपलर जोडलेलं ठेवायचं आणि फॅन चालू ठेवायचा. फॅन आपोआप लागायची वाट बघायची नसेल तर बहुतेक जुन्या गाड्यांत रेडिएटरवरच्या फॅन स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून तो चालू करता येतो. एकच वायर असेल तर आधी सर्किट बघा. बोटं आणि बाह्या पात्यांपासून लांब. आता मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं टोक कपलरच्या मागून पिनेने फॅनच्या निगेटिव्ह वायरला. दोन्ही टोकं निगेटिव्हवरच, म्हणजे आकडा शून्याजवळ हवा. ०.१, फार तर ०.२ व्होल्ट. माझ्याकडे ३.३ आला. मीटरच बिघडला असं वाटून मी सेल बदलले. पुन्हा ३.३. मग तसंच पॉझिटिव्ह बाजूला केलं, तिथे ०.५. म्हणजे १२.३ मधून फॅनच्या वाट्याला जेमतेम साडेआठ व्होल्ट येत होते. बाकीचे वाटेत जात होते.

वायर धरून मागे गेलो. रेडिएटर ज्या आडव्या पट्टीवर बसतो तिथे बॉडीला वायरीच्या टोकाची गोल थिंबल (धातूची कडी) बोल्टने आवळलेली होती. बोट लावलं तर बोल्ट चटका बसेल इतका गरम. साहजिक आहे, फॅन ८ अँपिअर ओढत असेल तर ३.३ व्होल्टच्या हिशेबाने पंचविसेक वॅटची उष्णता त्या एका सांध्यात. बोल्ट काढल्यावर खाली गुळगुळीत, चकचकीत रंग. माझ्याआधी कधीतरी समोरून ठोकलेली गाडी डेंटिंग-पेंटिंग करून घेतली होती आणि थिंबल रंगावरच परत आवळली होती. पत्र्याला ती टेकत होती फक्त बोल्टच्या आट्यांतून, आणि त्या आट्या गंजून तांबूस भुकटी झालेल्या.

पॉलिश पेपरने पत्रा उघडा केला, वायरीचा काळा पडलेला दोन बोटं भाग कापून नवी थिंबल दाबली, दातेरी वॉशर घातला आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस फासलं, ओल जाऊ नये म्हणून. मीटर पुन्हा लावला: ०.०८. फॅन सुरू झाला तेव्हा मी दचकून मागे झालो. तो आवाज त्या गाडीत मी पहिल्यांदा ऐकत होतो.

आणखी एक खूण मी महिनोन् महिने दुर्लक्षित केली होती. गाडी रात्री जास्त तापायची. हवा थंड असताना! कारण हेडलाइटचा अर्थही त्याच बोल्टवर होता. दिवे लावले की त्याच सांध्यातून आणखी करंट, फॅन आणखी मंद. उलट फॅन लागला की दिवे किंचित पिवळट व्हायचे. मला वाटायचं बॅटरी म्हातारी झाली. कूलिंगचा दोष एका वहीत आणि इलेक्ट्रिकलचा दुसऱ्या वहीत असं गाडी काही लिहीत नाही. तुम्हाला दोन तक्रारी एकाच वेळी दिसल्या तर आधी त्या एकाच जागी भेटतात का ते बघा.

‘डायरेक्ट’ करण्याबद्दल माझं मत कडक आहे. मधल्या काळात एकाने फॅन डायरेक्ट करून दिला होता: बॅटरीवरून वायर, डॅशखाली एक बटण, फ्यूज नाही. त्याने काही फरक पडला नाही, कारण अर्थ तोच होता. वर ती बारीक वायर तापून तिचं प्लास्टिक मऊ पडलं ते वेगळंच. फ्यूज उडतो म्हणून १५ च्या जागी ३० चा टाकणं हा त्याचाच भाऊ. मग वायरच फ्यूज होते, आणि ती गालिच्याखाली जळते. थर्मोस्टॅट काढून फेकून देणारेही याच पंगतीतले. गाडी थंड राहते खरी, पण इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ रोग झाकला जातो.

शिकवणारा कोणता धरावा असं विचारलंत तर भाग खोलण्याआधी मीटर हातात घेणारा. शिव्या देत असला तरी चालेल. मला ड्रॉप, म्हणजे वाटेत जाणारे व्होल्ट, मोजायला लावणारा माणूस एका वाक्यापलीकडे काही बोलत नसे, ‘फॅन चालू ठेवून मोज’ म्हणाला आणि चहा प्यायला गेला. त्याआधी ज्याने पंप बदलला तो तासभर प्रेमाने समजावत होता.

घाबरू मात्र नका. जुन्या गाडीचं हे सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. मी शाळेत विजेच्या धड्याला कसाबसा पास झालेला माणूस आहे.

कूलंट बदललंत तर हवा काढायला विसरू नका: गाडीचं नाक जरा उंचावर, हीटर गरमवर, थंड इंजिन झाकण उघडं ठेवून चालू, वरचा होज गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत. पातळी उतरेल तशी भरत राहा. सांडलेलं लगेच पुसा. इथिलीन ग्लायकोल गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विष आहे.

आणि रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह केबल काढून मध्ये मीटर अँपिअरवर लावा, दारं बंद, अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या वर दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल ते सर्किट. डिकीचा दिवा आधी बघा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा आतला फ्यूज उडतो. माझा दोनदा उडाला.