'हॉट' म्हणजे नुसतं गरम नाही

आपल्या नागपुरात 'हॉट' हा शब्द दोन जागी हमखास लागते, मे महिन्याचं ऊन अन् सावजीचा रस्सा, आणि घोळ होते तो रश्श्याशीच. बाहेरून आलेल्या पाहुण्याला 'द करी इज व्हेरी हॉट' म्हटलं की तो बिचारा फुंकर मारत बसते, त्याला वाटते वाफाळती आहे. तर वाफाळतं सांगायचं असेल तर 'पायपिंग हॉट' म्हणा, तिखट असेल तर 'हॉट ॲन्ड स्पायसी'. नुसतं 'स्पायसी' म्हणजे मसालेदार, ते तिखट असेलच असं नाही. गंमत म्हणजे मिरचीला तिखट करणारं द्रव्य, कॅप्सेसिन, जिभेवरचा जो रिसेप्टर (म्हणजे जाणीव टिपणारा बारीक भाग) चेतवते तोच साधारण 43 अंशांच्या वरच्या उष्णतेनंही चेतते, म्हणून इंग्रजांनी दोन्हीला एकच शब्द ठेवला त्यात फार चूक नाही राव.

उकडत असेल तर ऑफिसात 'आय ॲम हॉट' म्हणू नका, व्याकरण बरोबर आहे पण 'मी दिसायला एकदम भारी' असाही अर्थ निघते अन् मग चार दिवस टिंगल. 'इट्स सो हॉट इन हिअर' बरं. ताप असेल तर 'आय हॅव अ फीवर'.

बाकी 'हॉट-टेम्पर्ड' म्हणजे आपला तापट, 'इन हॉट वॉटर' म्हणजे अडचणीत सापडलेला. आणि कोणी 'हॉट गुड्स' स्वस्तात देतो म्हटला तर घेऊ नका, तो चोरीचा माल असते.