ॲक्शन, क्रॉप आणि कापलेल्या रिबिनी

बडोद्यातील दांडिया बाजारातल्या एका स्टुडिओत मी रुजू झाले तो जून महिना होता, आणि जून म्हणजे शाळांच्या ओळखपत्रांचा हंगाम. एकाच शाळेचे ६४० फोटो होते. प्रत्येकाचे माप ३५ बाय ४५ मिलिमीटर, म्हणजे ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल. ज्या काकांच्या हाताखाली मला बसवले होते ते प्रत्येक फोटो हाताने क्रॉप करत, म्हणजे चेहऱ्याभोवती चौकट आखून कापत, आणि मलाही तसेच करायला सांगत. फोटोशॉप मला येत होते, आणि ॲक्शन (एकदा केलेल्या पायऱ्यांची पुन्हा चालवता येणारी नोंद) रेकॉर्ड करून बॅच लावली, म्हणजे ती साऱ्या फोटोंवर एकदम चालवली, की तीन दिवसांचे काम अर्ध्या तासात होते, हेही मी कुठेतरी पाहिले होते. काकांचा ॲक्शनवर विश्वास नव्हता. ॲक्शन्स फोटोशॉपच्या चौथ्या आवृत्तीपासून, १९९६ पासून आहेत. त्यांना ‘नवीन फॅड’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांचे याबाबतीत ऐकू नये, असे माझे आजही मत आहे. मात्र काका ज्या कारणासाठी घाबरत होते ते कारण खरे होते, फक्त त्यांना ते शब्दांत सांगता येत नव्हते.

मी जिथे फसले तेवढेच येथे सविस्तर लिहिते.

क्रॉपची पायरी रेकॉर्ड करताना फोटोशॉप तुमचा हेतू लक्षात ठेवत नाही. ‘चेहऱ्याभोवती चौकट आखली’ असे ते कुठेही नोंदवत नाही. चौकट वरच्या डाव्या कोपऱ्यापासून किती अंतरावर सुरू झाली आणि किती अंतरावर संपली, एवढेच आकडे ते टिपते. हे आकडे कोणत्या एककात टिपले जातील, ते त्या क्षणी फोटोच्या कडेची रूलरपट्टी (मोजपट्टी) कोणत्या एककावर आहे यावर ठरते. माझी पट्टी पिक्सेलवर होती, आणि मला त्याचे भानही नव्हते.

पहिल्या कॅमेऱ्याचे उभे फोटो ४००० बाय ६००० पिक्सेलचे होते. त्यातल्या एकावर मी डावीकडून १००० आणि वरून ८०० पिक्सेल सोडून, २००० बाय २५७१ ची चौकट आखली. डोक्याच्या वर जेमतेम ५० पिक्सेल मोकळे ठेवले, आणि चौकट घट्ट बसली म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. पहिले ४१० फोटो निर्दोष निघाले. उरलेले २३० फोटो दुसऱ्या, जुन्या कॅमेऱ्याचे होते आणि त्यांचे माप होते ३४५६ बाय ५१८४. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही फोटो हुबेहूब सारखे दिसत, मूलही त्याच जागी बसलेले दिसे. पण ज्या डोक्याचा माथा मोठ्या फोटोत ८५० व्या पिक्सेलवर होता, तो लहान फोटोत ७३४ च्या आसपास येत होता, आणि माझी चौकट तेथेही हट्टाने ८०० वरच सुरू होत होती. चेहऱ्याचा मध्य २००० वरून १७२८ वर सरकला होता. चौकटीचा मध्य मात्र २००० वरच होता. परिणामी मुलींच्या वेण्यांवरच्या लाल रिबिनी वरून सपाट कापल्या गेल्या, सगळी मुले डावीकडे सरकली आणि उजवीकडे निळा पडदा उरला.

हे निस्तरता आले असते. पण बॅचच्या खिडकीत ‘डेस्टिनेशन’समोर मी ‘सेव्ह अँड क्लोज’ निवडले होते, म्हणजे मूळ फायलींवरच कापलेले फोटो लिहिले गेले. कॅमेऱ्यांची कार्डे तोपर्यंत दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी फॉरमॅट झाली होती. स्टूल, पडदा आणि जुना कॅमेरा घेऊन मी पुन्हा शाळेत गेले आणि २३० मुलांना पुन्हा बसवले. शेठ एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागले. मूळ फायलींची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्याशिवाय बॅचला हात लावू नका. यात सवलत नाही.

आता दिलासा. उपाय सोपा आहे. रेकॉर्डचे बटण दाबण्यापूर्वी रूलरपट्टीवर राइट क्लिक करून एकक टक्क्यांवर आणावे. मग तीच चौकट ‘डावीकडून २५ टक्के, रुंदी ५० टक्के’ अशी नोंदवली जाते आणि फोटो लहान असो वा मोठा, ती त्याच प्रमाणात बसते. माझ्या दोन्ही कॅमेऱ्यांचे प्रमाण २ः३ होते, त्यामुळे एवढ्याने भागले असते. मात्र टक्केवारीलाही मर्यादा आहे, आणि पुढच्या वर्षी मी तिच्यातही अडकले. गैरहजर मुलांचे फोटो पालकांनी मोबाइलवर काढून पाठवले होते. त्यांचे प्रमाण ३ः४, म्हणजे ३००० बाय ४०००. तेथे तीच टक्केवारीची चौकट १५०० बाय १७१४ ची झाली, जिथे ३५ः४५ साठी १५०० बाय १९२९ हवी होती. पुढच्या ‘इमेज साइझ’च्या पायरीने ती ओढूनताणून ४१३ बाय ५३१ मध्ये बसवली आणि गुबगुबीत मुले लांबट दिसू लागली. म्हणून वेगळ्या प्रमाणाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढावेत आणि त्यांच्यासाठी वेगळी ॲक्शन करावी. आडवे आणि उभे फोटो मिसळलेले असतील, तर ॲक्शन पॅनेलच्या मेन्यूतील ‘इन्सर्ट कंडिशनल’ने दोन्हींसाठी वेगवेगळ्या ॲक्शन चालवता येतात.

बॅचच्या खिडकीतील दोन खुणांबद्दल थोडक्यात. ॲक्शनमध्ये फाइल उघडण्याची पायरी नसताना ‘ओव्हरराइड ॲक्शन ओपन कमांड्स’वर खूण केली, तर एकही फोटो उघडत नाही. याउलट, जेपीईजीचा दर्जा ठरवण्यासाठी ‘सेव्ह ॲज’ची पायरी रेकॉर्ड करावी आणि मग ‘ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स’वर खूण करावी, म्हणजे फायली तुम्ही निवडलेल्या फोल्डरमध्ये आपापल्या नावाने जातात.

इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार ॲक्शनचे गठ्ठे वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कोणत्या एककात आणि कोणत्या मापाच्या फोटोवर रेकॉर्ड केल्या, हे वापरणाऱ्याला ठाऊक नसते. सहा पायऱ्यांची ॲक्शन स्वतः करायला दहा मिनिटे पुरतात. ‘बघून बघून शीक’ म्हणणाऱ्या गुरूंबद्दलही मला फारसे प्रेम नाही. ज्यांनी मला वीस फोटोंची प्रत देऊन ‘यांची वाट लाव’ म्हटले असते, त्यांच्याकडून मी एका दुपारी शिकले असते.

ॲक्शनला चेहरा दिसत नाही, म्हणून तो तिला जागेवर आणून द्यावा लागतो. आता शाळेत गेले की मी ट्रायपॉड हलू देत नाही, स्टुलाच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टी लावते आणि बालवाडीतल्या मुलांसाठी स्टुलावर पाट ठेवते, म्हणजे माथे साधारण एका रेषेत येतात. चौकटही आता सैल आखते. बॅच लावण्यापूर्वी पाच फोटो निवडते: सर्वांत उंच मूल, सर्वांत बुटके, रिबिनवाली मुलगी, पगडी बांधलेला मुलगा आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचा एक.

तरीही काही मुले हलतातच. त्यांच्यासाठी ॲक्शन पॅनेलमध्ये क्रॉपच्या पायरीशेजारी असलेल्या चौकोनावर क्लिक करून डायलॉगची खूण चालू करावी. मग प्रत्येक फोटोवर चौकट आखलेली समोर येते आणि थांबते. माउसने ती किंचित सरकवून एंटर दाबले की पुढचे सारे आपोआप होते. काकांना मी हीच रीत दाखवली. चौकट त्यांच्या हातात राहते, म्हणून ती त्यांना पटली. आता ते दिवसाला दोनशेऐवजी पाचशे फोटो करतात, आणि याला ॲक्शन म्हणायला अजूनही तयार नाहीत.