टाऊनच्या छोट्या स्कॉलरशिप सोडू नका (अमेरिकेत सिनियर इयरला मूल असलेल्या घरांसाठी)

मूल हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आलं की घरात कॉलेजच्या खर्चाचं बोलणं सुरू होतं आणि स्कॉलरशिप म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी ती मोठी, देशपातळीवरची नावंच येतात. कोका-कोलाचीच घ्या, वर्षाला १५० मुलांना प्रत्येकी २०,००० डॉलर, पण अर्ज लाखाच्या घरात. तिथेही जरूर अर्ज करा. पण तुमच्याच टाऊनमधल्या पाचशे, हजार, दोन हजार डॉलरच्या स्कॉलरशिप, ज्यांना फक्त तुमच्या हायस्कूलची किंवा फार तर काउंटीतली मुलं अर्ज करू शकतात, त्यांच्याकडे आपली मुलं बघतसुद्धा नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाहीये, गेली काही वर्षं आमच्या टाऊनच्या स्कॉलरशिप कमिटीत अर्ज वाचायला बसते म्हणून सांगतेय. शाळेत आपली एवढी मुलं, आणि गठ्ठ्यात त्यांचे अर्ज अगदी मोजके. काही फंडांना तर एकूणच इतके कमी अर्ज येतात की मुदत वाढवायची वेळ येते.

आधी हे पैसे येतात कुठून ते समजून घ्या, कारण अर्ज कसा लिहायचा ते त्यावरच ठरतं. १९५८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर गावात अर्विंग फ्रॅडकिन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी लोकांना सांगितलं की प्रत्येकाने एक एक डॉलर द्या, गावातलं कुठलंच मूल पैशावाचून कॉलेजला मुकायला नको. त्यातून पुढे डॉलर्स फॉर स्कॉलर्सच्या शाखा ठिकठिकाणी निघाल्या, आज ती संस्था स्कॉलरशिप अमेरिका या नावाने चालते. पण तुमच्या टाऊनमध्ये ती शाखा असेलच असं नाही. रोटरी, लायन्स, किवानीस, शाळेची पीटीए, शिक्षकांची युनियन, स्थानिक क्रेडिट युनियन, गार्डन क्लब, व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंट, यातलं कोणी ना कोणी देत असतंच. शिवाय मेमोरियल फंड असतात, म्हणजे एखाद्या कुटुंबाने गेलेल्या मुलाच्या किंवा आवडत्या शिक्षकाच्या नावाने ठेवलेले पैसे. हे सगळे पैसे बेक सेलमधून, पॅनकेक ब्रेकफास्टमधून, फाइव्ह के रनमधून, नाहीतर कुणाच्या तरी मृत्युपत्रातून आलेले असतात. त्यामुळे अर्ज वाचणारी माणसं म्हणजे तुमच्याच रस्त्यावर राहणारे रिटायर्ड शिक्षक, पोस्टात भेटणाऱ्या बाई, लायब्ररीतले काका. त्यांना जगातला सगळ्यात हुशार मुलगा शोधायचा नसतो, आपल्या गावातल्या मुलांच्या पाठीवर हात ठेवायचा असतो.

पालकांशी बोलले की न करण्याची कारणं ठरलेली असतात. एक म्हणजे, आमचं उत्पन्न बघून आम्हाला कोण देणार. अहो, पण यातल्या कितीतरी स्कॉलरशिप उत्पन्न विचारतच नाहीत! ज्या विचारतात त्यांच्या फॉर्मवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि त्या खरंच गरजूंसाठी सोडा, त्यात दुमत नाही. बाकीच्या समाजसेवेसाठी असतात, संगीतासाठी असतात, नर्सिंगला किंवा ट्रेड स्कूलला जाणाऱ्यांसाठी असतात, एखादी फक्त मॅरेथॉन धावणाऱ्यांसाठीही सापडते. दुसरं कारण व्हिसा, आणि इथे मात्र मी सगळ्यांना हात जोडून सांगते की नीट वाचा. एच-४ वरच्या, म्हणजे आई किंवा बाबा एच-१बी व्हिसावर असलेल्या, मुलाला फेडरल (केंद्र सरकारची) मदत मिळत नाही हे खरं आहे. ग्रीन कार्ड हातात असेल तर मिळू शकते, नुसता अर्ज पेंडिंग असून चालत नाही. त्यावरून आपण ठरवून टाकतो की सगळेच दरवाजे बंद. पण खाजगी फंड आपले नियम आपण करतात. एल्क्स नावाच्या क्लबच्या देशपातळीवरच्या स्पर्धेला नागरिकत्व लागतं, तसं काही ठिकाणी लागतं, पण बऱ्याच टाऊन फंडांची अट फक्त एवढीच असते की मूल या शाळेतून ग्रॅज्युएट होतंय आणि पुढे शिकणार आहे. फॉर्मवर नागरिकत्वाबद्दल काही लिहिलेलं नसेल तर अर्ज करा, शंका आली तर एक ईमेल टाका, दोन ओळींत उत्तर येतं. आणि स्कॉलरशिप म्हणजे नोकरीचा पगार नाही, त्यामुळे एच-४ वर काम करता येत नाही म्हणून स्कॉलरशिप पण घेता येत नाही, असं काही नाही.

तिसरं कारण, पाचशे डॉलरने काय होणार. एका सेमिस्टरच्या पुस्तकांचा खर्च निघतो, नाहीतर लॅपटॉपला हातभार लागतो. आणि एकच मिळते असंही नाही, एकच मूल तीन-चार घेऊन जाताना मी बघितलंय, कारण त्याने समोर दिसेल तो प्रत्येक फॉर्म भरलेला असतो.

शोधायच्या कुठे? पहिली जागा हायस्कूलचं काउन्सेलिंग ऑफिस. बऱ्याच शाळा नॅव्हियन्स किंवा स्कॉयर या कॉलेजच्या तयारीच्या वेबसाइटवर स्थानिक स्कॉलरशिपची यादी टाकतात, ती मुलाच्या लॉगिनमधून दिसते, आपल्याला दिसेलच असं नाही, म्हणून मुलाला उघडायला लावा. दुसरी जागा तुमच्या भागाचं कम्युनिटी फाउंडेशन. पहिलं असं फाउंडेशन क्लीव्हलंडमध्ये १९१४ साली निघालं, आता देशभर आहेत. यांच्याकडे कितीतरी छोटे फंड एका छत्राखाली असतात आणि बऱ्याच ठिकाणी एकच कॉमन अर्ज भरला की तुम्ही कुठल्या कुठल्या फंडात बसता ते तेच बघतात. एका संध्याकाळच्या कामात इतकं दुसरीकडे कुठे मिळत नाही. शिवाय तुमची बँक, आई-बाबांच्या कंपन्या, लायब्ररीतला नोटीस बोर्ड, मागच्या वर्षीच्या सिनियर अवॉर्ड्स नाइटचं पत्रक. हे पत्रक तर मिळवाच, त्यात कोणी कोणाच्या नावाने काय दिलं ते सगळं छापलेलं असतं, म्हणजे तयार यादीच.

वेळापत्रक साधारण असं असतं की फॅफसा, म्हणजे फेडरल मदतीचा अर्ज, एरवी १ ऑक्टोबरला उघडतो (ज्यांना लागू आहे त्यांनी तो आधी भरून टाका, गरज बघणारे काही फंड त्यातला स्टुडंट एड इंडेक्स, म्हणजे घराची ऐपत दाखवणारा आकडा, मागतात), स्थानिक अर्ज जानेवारीपासून दिसायला लागतात, मुदती बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि निकाल मेमध्ये अवॉर्ड्स नाइटला. अडचण अशी की फेब्रुवारीपर्यंत मुलं कॉलेजचे अर्ज करून पार थकलेली असतात, त्यांना आता एकही निबंध लिहायचा नसतो. तिथे आईबाबांनी जरा लावून धरायचं. निबंध आपण लिहायचा नाही, मुदतींची यादी फ्रिजवर लावायची आणि ट्रान्सक्रिप्ट मागायची आठवण करायची, एवढंच.

आता निबंध, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाचा, ६५० शब्दांचा निबंध कापून इथे चिकटवलेला लगेच ओळखू येतो. तो कॉलेजसाठी लिहिलेला असतो, त्यात गाव कुठेच नसतं. टाऊन फंडाचा प्रश्न बहुतेक वेळा साधा असतो, तू इथे काय केलंस आणि पुढे काय करणार. आणि आपली मुलं उत्तरात बक्षिसांची यादी देतात, रोबोटिक्स, मॅथ लीग, एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) कोर्स किती घेतले. ते सगळं फॉर्मच्या दुसऱ्या रकान्यात आलेलंच असतं! मला आठवतो तो एका मुलीचा निबंध, तिने फूड पँट्रीतल्या शनिवारांबद्दल लिहिलं होतं, की डाळी आणि बीन्सचे डबे पडून राहतात कारण घेऊन जाणाऱ्या काही घरांत कॅन ओपनरच नसतो, म्हणून तिने ओढून उघडता येणारे डबे वेगळे मांडायला सुरुवात केली. बस, एवढंच. ग्रेड्स साधारण होत्या, पण टेबलावरच्या सगळ्यांनी तिला वर ठेवलं, कारण ही मुलगी तिथे नुसते तास भरत नव्हती, डोळे उघडे ठेवून उभी होती हे दिसत होतं.

आपल्या मुलांकडे असं खूप असतं, पण ते सांगण्यासारखं आहे हेच त्यांना वाटत नाही. रविवारी मराठी शाळेत छोट्यांना शिकवायला मदत करणं, मंडळाच्या गणपतीत दीडशे माणसांच्या जेवणाची व्यवस्था बघणं, आजी आली की तिला डॉक्टरकडे नेऊन इंग्रजी-मराठी दोन्ही बाजू सांभाळणं, धाकट्या भावाला रोज शाळेतून आणणं. एच-४ मुळे पगाराची नोकरी करता आली नाही तर ही घरची जबाबदारीच लिहा, कमिटीला ती नोकरीइतकीच मोलाची वाटते. फक्त वाचणाऱ्याला गणपती म्हणजे काय ते माहीत नाही असं धरून एका वाक्यात समजावून सांगा आणि लगेच तुम्ही स्वतः काय केलंत त्यावर या. आमच्याकडे आणि इतरही बऱ्याच ठिकाणी नावं झाकून नुसत्या नंबरवर अर्ज वाचतात, त्यामुळे ओळखीचा उपयोग नाही, जे कागदावर आहे तेच.

शिफारसपत्रासाठी निदान तीन आठवडे आधी विचारा, आणि शक्यतो अशा माणसाला जो मुलाला वर्गाबाहेर ओळखतो, म्हणजे कोच, लायब्रेरियन, मराठी शाळेच्या बाई. नातेवाईक नकोत. शब्दमर्यादा पाळा, फंडाचं नाव बरोबर लिहा. एका मेमोरियल फंडाच्या अर्जात दुसऱ्याच फंडाचं नाव राहिलेलं असतं तेव्हा ज्या आईवडिलांनी मुलाच्या नावाने तो फंड ठेवलाय ते समोर बसून वाचत असतात, त्यांना काय वाटत असेल.

अर्जाला फी मागणारं किंवा स्कॉलरशिपची गॅरंटी देणारं काहीही असेल तर ते बंद करा आणि पुढे जा.

मिळाल्यानंतरचं पण थोडं समजून घ्या. चेक बहुतेक वेळा थेट कॉलेजला जातो, काही फंड पहिल्या सेमिस्टरचा दाखला मागतात आणि मगच देतात, तो दाखला पाठवायला मुलं विसरतात आणि पैसे तसेच पडून राहतात. कॉलेजला बाहेरची स्कॉलरशिप कळवावी लागते, आणि मूल गरजेवर आधारित मदत घेत असेल तर काही कॉलेजं तेवढी आपली मदत कमी करतात. मेरीलंडने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांपुरता अशा कपातीला आळा घालणारा कायदा केला, नंतर आणखी काही राज्यांनी केला, पण सगळीकडे नाही. म्हणून एड ऑफिसला सरळ विचारा की आधी लोन किंवा वर्क-स्टडी (कॅम्पसवर काम करून मिळणारे पैसे) कमी कराल का, ग्रँटला हात लावू नका. बरीच ऑफिसं ऐकतात. ज्यांना गरजेवर काहीच मिळत नाही त्यांना हा प्रश्न फारसा येत नाही. टॅक्सचं म्हणाल तर ट्यूशन, फी आणि कोर्सला लागणारी पुस्तकं यावर खर्च केलेली रक्कम करमुक्त, राहण्या-जेवणावर वापरली तर ती उत्पन्नात धरतात. ५२९ मध्ये, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, पैसे असतील तर स्कॉलरशिपइतकी रक्कम १० टक्के दंड न भरता काढता येते, वाढीवर मात्र टॅक्स लागतो.

आणि आभाराचं पत्र, हाताने लिहिलेलं. सगळी मुलं पाठवत नाहीत. फंड चालवणाऱ्या एका आजींनी आलेली पत्रं एका फाइलमध्ये लावून ठेवलीयेत आणि नवीन कोणी कमिटीत आलं की त्या आधी ती फाइल दाखवतात.

घेण्याबरोबर देण्याचंही बघा. हे फंड बऱ्याचदा ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, असतात, तसं असेल तर दिलेल्या पैशावर टॅक्समध्ये वजावट मिळू शकते, फक्त अमुक एका मुलालाच द्या असं सांगता येत नाही. एखाद्या महाराष्ट्र मंडळाने टाऊनच्या फंडात आपल्या नावाने एक छोटी स्कॉलरशिप ठेवली, सगळ्या मुलांसाठी खुली, तर मला फार आनंद होईल. पैसे नसतील तर वेळ द्या, दर वसंतात कमिट्यांना अर्ज वाचणारी माणसं कमी पडतात, काउन्सेलिंग ऑफिसला विचारलं की कोणाशी बोलायचं ते सांगतात. तुमचं स्वतःचं मूल सिनियर असेल त्या वर्षी मात्र बाहेर बसावं लागतं, म्हणून नववी-दहावीत असतानाच सुरू केलेलं बरं.