आधी क्रेनचा हूक बघा, मग नकाशा काढा

प्रीकास्ट कारखान्याची, म्हणजे काँक्रीटचे भाग आधीच ओतून मग साइटवर पाठवणाऱ्या कारखान्याची, मांडणी बदलायची म्हटली की पहिली चर्चा होते ती कुठलं मशिन कुठे सरकवायचं याची. मी आधी क्रेनखाली जाऊन उभा राहतो. काँक्रीट घनमीटरला साधारण 2400 ते 2500 किलो भरतं. म्हणजे 3 बाय 3 मीटरचं, 150 मिलिमीटर जाडीचं भिंतीचं पॅनेल सव्वातीन टनांच्या आसपास जातं. ते क्रेनशिवाय हलत नाही, त्यामुळे क्रेन अडली की सगळंच अडतं.

एक अख्खी पाळी वही घेऊन बसा. हूकला काय लागलं, कुठून कुठे गेलं, किती मिनिटं लागली, एवढंच लिहा. मी लिहायला बसलो तेव्हा दुखणं सकाळीच सापडलं. काँक्रीटच्या आत बसणारे सळईचे पिंजरे शेडच्या एका टोकाला बांधले जायचे, कास्टिंग बेड, म्हणजे पॅनेल ओतायची जागा, दुसऱ्या टोकाला. साचा उघडलेला, खलाशी (माल क्रेनला अडकवणारे कामगार) स्लिंग, म्हणजे उचलायचे दोर, लावून तयार, आणि क्रेन पलीकडे पिंजरा उचलण्यात गुंतलेली! पॅनेल निघत नाही म्हणून साचा साफ होत नाही, तेल लागत नाही, ओतकाम लांबतं. पिंजरा पॅनेलच्या मानाने किती हलका! बांधायची जागा बेडला लागून घेतली, पिंजरे ट्रॉलीवरून यायला लागले आणि सकाळची क्रेन पॅनेलं काढायला मोकळी झाली.

मग नकाशावर टाचण्या लावून एकाच पॅनेलची वाट दोऱ्याने आखा. दोरा जिथे मागे वळतो, तिथे आधी हात घाला. खडी-सिमेंटच्या गाड्या आणि माल नेणारे ट्रेलर यांचे रस्ते वेगळे ठेवा.

स्टॅकिंग यार्डाकडे, म्हणजे तयार पॅनेलं ठेवायच्या आवाराकडे, फार दुर्लक्ष होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. पॅनेलं ओतल्याच्या क्रमाने नको, साइटवर उभारायच्या क्रमाने लावा. आधी लागणारं पॅनेल मागे अडकलं की पुढची उगाच उचलावी लागतात, आणि दर उचलीला एखादा कोपरा तुटायची भीती असते.

काहीही हलवण्याआधी जमिनीवर चुन्याच्या रेषा मारा आणि रिकामा ट्रेलर खरंच वळवून बघा. माणसांची पायवाट लटकत्या मालाखालून जात असेल तर मांडणी कितीही वेगवान असो, मी ती नाकारतो. बदल झाल्यावर त्याच वहीत आणखी एक पाळी लिहून काढा.