फोर्ड मॉडेल ए रोडस्टर: या चुका टाळा

गाडी तापली की लोक थेट रेडिएटर खोलायला बसतात. मॉडेल ए रोडस्टरमध्ये, म्हणजे कापडी टपाच्या या उघड्या जुन्या गाडीत, आधी स्टिअरिंगखालची डावीकडची दांडी बघा. ठिणगी केव्हा पडायची ते ती ठरवते. गाडी सुरू करताना दांडी वर. इंजिन लागलं की खाली. खाली ओढायचं राहिलं तर पेट्रोल उशिरा पेटतं, जळत जळतच एक्झॉस्टच्या वाटेला लागतं आणि रेडिएटर धडधाकट असूनही पाणी उकळतं. याच्या उलट, दांडी खाली असताना हँडल मारलंत तर इंजिन असा उलटा झटका देतं की मनगट मोडतं. १९२७च्या डिसेंबरात हेन्री फोर्डने ही गाडी आणली, तेव्हाच्या गिऱ्हाइकाला हे शिकवावं लागलं नाही. फोर्डच्याच आधीच्या, दीड कोटी खपलेल्या मॉडेल टीवर हीच दांडी होती. घोटाळा होतो तो आपल्या हातांचा.

दुसरा उद्योग म्हणजे इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवणं. टाकी समोरच्या काचेच्या पुढे, उंचावर आहे. पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरतं. पंपाचा दाब कार्बोरेटरमधल्या, पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटला पेलत नाही. गाडी उभी केली की टाकीचा कॉक मात्र न चुकता बंद करा, नाहीतर सकाळी जमिनीवर पेट्रोलचं थारोळं.

बॅटरी सहा व्होल्टची, आणि तिचं प्लस टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडायचं. सवयीने मायनस जोडू नका! स्टार्टर मरगळल्यासारखा फिरत असेल तर बारा व्होल्टकडे वळण्याआधी केबल बघा. बहुतेकदा ती बारीक असते, नाहीतर अर्थिंगच्या जागी गंज असतो.

ब्रेक सळयांवर चालतात. ते सैल झाले म्हणून सळया आखूड करू नका, सगळे कोन बिघडतात. कसायचं ते चाकामागच्या चौकोनी डोक्याच्या ॲडजस्टरनेच.

सुटे भाग मागवताना साल सांगा. १९०३च्या पहिल्या फोर्डचं नावही ‘मॉडेल ए’ असंच होतं. १९२८-२९ची चाकं २१ इंची, १९३०-३१ची १९ इंची. आणि दारात वर-खाली होणारी काच असेल तर ती रोडस्टर नाही, कॅब्रिओलेट आहे. रोडस्टरला नुसते पडदे. मागे उघडणाऱ्या जादा सीटला इंग्रज ‘डिकी’ म्हणत. आपली डिकी तिथूनच आली.