घरबसल्या कुळाची सेवा : जुन्या वह्यांतली नावं कशी उतरवावीत

पितृपक्षात बडोद्याची बरीच मराठी मंडळी चांदोदला नर्मदेवर जातात. महालयाच्या आधी गुरुजी नावं विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा इथपर्यंत बहुतेकांचं निभतं. मग गुरुजी घरातल्या बायकांच्या ओळीला येतात : माता, पितामही, प्रपितामही. त्या घाटावर मी पणजीच्या नावापाशी अडलो. वडिलांच्या आजीचं नाव मला ठाऊक नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांतलं कुणी उरलं नव्हतं. घरात छापील वंशावळ होती, पण तिच्यात फक्त पुरुष होते.

त्या वर्षापासून मी घरी बसून जुन्या वह्यांतली नावं उतरवण्याचं काम करतो. रोज अर्धा तास, सकाळचा चहा झाल्यावर. पैसा लागत नाही. लागतात ते डोळे, चिकाटी आणि बऱ्यापैकी मोठा पडदा. फोनवरही होतं, पण जुन्या मोडी लिपीतली ओळ फोनवर वाचताना चुका फार होतात.

कुठलं काम घ्यावं

सगळ्यात जवळचं काम आपल्याच कुळाचं. अनेक घराण्यांची कुलमंडळं आहेत, त्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत आणि पुढच्या आवृत्तीसाठी माहिती जमवायला त्यांना माणसं हवीच असतात. आपलं मंडळ शोधा आणि सरळ सांगा, "मी बडोद्यात असतो, घरून काम करीन, टंकलेखन किंवा तपासणी द्या." गुजरात आणि माळव्यातल्या शाखांची माहिती वृत्तांतांत बहुधा तोकडी असते. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या चाकरीत जे कारकून, शिलेदार, शास्त्री इकडे आले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा देशावरच्या भाऊबंदांशी पत्रव्यवहार हळूहळू थांबला. म्हणून बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरच्या माणसाने हे काम घेतलं तर त्याचं मोल जास्त आहे.

दुसरं काम तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचं. नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या उपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या नामावळी आहेत. आपले पूर्वज यात्रेला गेले तेव्हा कोण कोण बरोबर होतं, गाव कोणतं, कुणाचा विधी केला, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे. त्या पानांचे फोटो मिळाले की वाचन घरी बसून करता येतं.

तिसरं काम परदेशातल्या एका चर्चने उभं केलेलं आहे. चर्च ऑफ जीजस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या अमेरिकेतल्या चर्चने १८९४ साली युटामध्ये वंशावळींची संस्था काढली, १९३८ पासून जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म करायला घेतल्या आणि १९९९ मध्ये फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ सुरू केलं. ते मोफत आहे आणि काम करायला त्या चर्चचं सभासद असावं लागत नाही. हरिद्वारच्या पंडांच्या वह्यांची छायाचित्रंही त्यांच्या संग्रहात आहेत. त्यांच्याकडे हे सगळं धर्मकार्य म्हणूनच होतं. कुटुंबाचं नातं मृत्यूनंतरही राहतं अशी त्यांची श्रद्धा आहे, त्यामुळे चर्चचे सभासद आपल्या दिवंगत पूर्वजांच्या नावाने मंदिरात संस्कार करतात आणि त्यासाठी प्रत्येक पूर्वज नावानिशी माहीत असावा लागतो. माझी श्रद्धा वेगळी आहे. पण पणजीच्या नावाशिवाय विधी अडतो म्हणजे काय, हे मला चांदोदला कळलं होतं, त्यामुळे त्यांची कळकळ मला परकी वाटली नाही.

तिथे एक भेद मात्र मनात स्पष्ट ठेवा. दुसऱ्यांच्या नोंदी वाचून अनुक्रमणिका करणं ही एक गोष्ट, आणि आपल्या घरची नावं त्यांच्या सामायिक वंशवृक्षात भरणं ही दुसरी. तो वृक्ष सगळ्या जगाचा एकच आहे आणि दिवंगतांची नोंद त्यात कुणीही बदलू शकतो. पहिलं काम आजच सुरू करा. दुसरं घरातल्या मोठ्यांना विचारूनच.

खातं उघडणं सोपं आहे : नाव, ईमेल, परवलीचा शब्द. मग स्वयंसेवेच्या भागात आपल्याला येणारी भाषा निवडायची. संगणकाने वाचलेलं नाव मूळ पानाशी ताडून बरोबर की चूक हे सांगण्याचं काम नवख्याने आधी घ्यावं. इंग्रजी हस्ताक्षर वाचता येत असेल तर कामाला तोटा नाही. मराठीतलं काम मिळण्याची वाट पाहत बसू नका, हात बसेपर्यंत मिळेल ते करा.

बसण्याआधीची तयारी

वहीचे फोटो कुणी पाठवणार असेल तर त्याला आधी सांगा : उपाध्यायांची परवानगी घ्या, खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढा, फ्लॅश नको, पूर्ण पान चौकटीत येऊ द्या. पान पलटताना बोटाला थुंकी लावू नये. फाटलेल्या पानाला चिकटपट्टीही लावू नये, तिचा डिंक पुढे कागद खातो. प्रत्येक फोटोला वहीचा आणि पानाचा क्रमांक द्या. आमच्या गटात सुरुवातीला हे झालं नाही आणि दोनशे फोटोंचा क्रम नंतर लावताना आमचा अख्खा अधिक महिना गेला.

मग एक साधं कोष्टक करा. गुगल शीट पुरे. रकाने असे : वही, पान, ओळ, पानावर आहे तसं, आजच्या लेखनात, नातं, शंका. टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेलं दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात.

पानावर आहे तेच उतरवा

या कामात सगळ्यात अवघड काय, तर हात आवरणं. पानावर 'कासीबाई' असेल तर 'कासीबाई'च लिहा. 'काशीबाई' पुढच्या रकान्यात. आपण सुधारून लिहिलं की मूळ हरवतं आणि नंतरच्या माणसाला ते पुन्हा पाहायची सोय राहत नाही. वाचता आलं नाही तिथे टिंबं द्या आणि शंकेच्या रकान्यात दोन शक्यता लिहा. अंदाज ठोकून पूर्ण केलेलं नाव हे या कामातलं सगळ्यात मोठं पाप आहे, कारण ते पुढे खरं म्हणून छापलं जातं.

मोडी येत नसेल तर शिका. भीती वाटते तितकी अवघड नाही. लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायचा आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरं काढायचा. म्हणून शब्द सुटे दिसत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नाहीत. बाराखडी गिरवा, स्वतःच्या घरच्या माणसांची नावं रोज लिहा. दोन-तीन महिन्यांत नावं ओळखू येतात आणि आपल्याला मुख्यतः नावंच हवी असतात. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' किंवा 'भ्रतार' म्हणजे अमक्याची बायको, 'मौजे' म्हणजे गाव. एवढ्यावर निम्मी ओळ लागते.

तारखा

बडोद्याच्या कागदात तारखांचा खरा गुंता आहे. इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवा, १ जानेवारीनंतरचे फाल्गुनापर्यंतचे दिवस असतील तर ७९. संवत असेल तर आधी कागद कुठला ते पाहा. गुजरातेत विक्रम संवत कार्तिकात बदलतो, इंदूर-ग्वाल्हेरकडे चैत्रात. म्हणून 'संवत १९५० श्रावण' हा बडोद्याच्या कागदावर १८९४ निघतो आणि ग्वाल्हेरच्या कागदावर १८९३. वद्य पक्षात महिन्याचं नावही बदलतं : आपला श्रावण वद्य तो उत्तरेकडचा भाद्रपद. हरिद्वारच्या वहीतली तिथी घेऊन इकडच्या पंचांगात शोधाल तर महिनाभराची चूक होईल.

पेशवाईच्या आणि संस्थानी कागदांत अरबी सन अक्षरांत येतो. 'सबा मयातैन व अलफ' म्हणजे सात, दोनशे आणि हजार, १२०७. हा सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. म्हणजे १२०७ हा १८०६-०७. रूपांतर नेहमी वेगळ्या रकान्यात करा, मूळ तारखेवर कधीही नको.

बायकांची नावं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की वंशावळीपुरती माहेरची मुलगी संपायची. सासरच्या कागदात ती एका नावाने, माहेरच्या कागदात दुसऱ्याच, आणि दोन्हींचा सांधा कुठेच नाही. राजघराण्यातलं उदाहरण घ्या. बडोद्याच्या रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर आपण रोज पाहतो. १८९६ चा तो टॉवर सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीच्या स्मरणार्थ आहे. त्या माहेरच्या लक्ष्मीबाई, तंजावरकडच्या. पुढे महाराजांचं दुसरं लग्न झालं ते देवासच्या घाटग्यांच्या गजराबाईंशी, आणि त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. माहेरचं नाव लिहिलं नसतं तर दोन बायका एकच होऊन बसल्या असत्या. आपल्या घरच्या कागदांत असं किती वेळा झालं असेल!

म्हणून कोष्टकात प्रत्येक स्त्रीसाठी चार जागा ठेवा : माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव, सासरचं नाव, घरात हाक मारायचं नाव. लेकींनाही ओळ द्या, 'अमुक घराण्यात दिल्या' एवढ्यावर सोडू नका. पहिली बायको बाळंतपणात गेली आणि धाकटी आली, असं पुष्कळ घरांत झालं आहे. मुलं कुणाची ते वेगळं नोंदवा.

ही नावं कुठे सापडतात? मला माझ्या पणजीचं नाव आजोबांच्या जन्मपत्रिकेत सापडलं. जुन्या पत्रिकेत संस्कृत मजकूर असतो, त्यात अमक्याच्या घरी, अमुक नावाच्या भार्येच्या 'कुक्षौ', म्हणजे पोटी, पुत्र झाला असं लिहितात. पिवळी पडलेली ती गुंडाळी आमच्याच देवघराच्या खणात तीस वर्षं होती, आणि आम्ही ती फक्त कुंडलीपुरती उघडत होतो. याशिवाय अहेराच्या वह्या पाहा, त्यांत आत्या, मावश्या, माम्या गावासकट येतात. लग्नपत्रिका पाहा, जुन्या भांड्यांवर घातलेली नावं पाहा.

आणि फोन करा. आधी आत्याला. "आत्या, तुमच्या आजीला माहेरी काय म्हणायचे?" एवढा एकच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. वंशावळीचा तक्ता समोर धरून प्रश्नांची सरबत्ती केली तर म्हातारं माणूस बुजतं. बोलणं परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करा, लिहून काढा, आणि 'अमुक आत्याने सांगितलं' असा आधार पुढे लिहा. सांगीव माहिती आणि लिखित माहिती एकाच रकान्यात मिसळू देऊ नका.

दत्तक

दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरांत लिहायचा. जन्माच्या घरी 'दत्तक गेला', दुसऱ्या घरी 'दत्तक आला', आणि दोन्ही ओळींत एकमेकींचा क्रमांक. कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचे गोपाळराव १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसले आणि सयाजीराव झाले. ही गोष्ट जगजाहीर आहे म्हणून तिथे घोटाळा होत नाही. सामान्य घरांत नाव आणि गोत्र दोन्ही बदललेला मुलगा एका वंशावळीत 'निर्वंश' होऊन बसतो.

हयात माणसांचं काय

त्यांची जन्मतारीख, पत्ता, फोन, आधार यांतलं काहीही सामायिक कोष्टकात नको. नाव आणि फार तर जन्मवर्ष, तेही विचारून. घटस्फोट, आजारपण, वाटणीचे वाद हे वंशावळीचे विषय नाहीत. व्हॉट्सॲपच्या कुलगटात अर्धवट तक्ता टाकू नका. तो पुढे जातो, आणि दुरुस्ती त्याच्यामागे जात नाही.

तपासणी आणि पोचवणं

प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं वाचावं, एकमेकांचं न पाहता. फरक पडेल तिथे तिसरा ठरवील. मी आणि इंदूरची माझी चुलतबहीण असं करतो. ती ज्या ओळी वेगळ्या वाचते, त्यांतल्या निम्म्यांत तीच बरोबर असते.

पुरेशी पानं झाली की ग्रॅम्प्ससारख्या वंशावळीच्या मोफत संगणक प्रणालीत नाती जोडा आणि जेडकॉम या स्वरूपात प्रत ठेवा, म्हणजे उद्या दुसऱ्या कुठल्याही प्रणालीत ती उघडेल. एक प्रत कुलमंडळाला द्या. आणि एक स्वच्छ, मोठ्या अक्षरांत छापलेली, बांधलेली प्रत त्या उपाध्यायांना नेऊन द्या, ज्यांची वही होती. त्यांच्याकडे पुढचा यजमान येईल तेव्हा मोडी पानाशेजारी हीही उघडली जाईल. प्रतीच्या शेवटी चार-पाच कोरी पानं ठेवा, नव्या नोंदी हाताने लिहिता येतील इतकी.